आत झोपावं की बाहेर

बिराजदार सर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. घरातला माणूस "या, बसा" म्हणत असायचा, कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन उभं असायचं, आणि हे उंबऱ्यात थांबून मान वर करून पत्रा, तुळई, स्लॅब, जे काय असेल ते निरखत असायचे. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, कोळिष्टकं बघताहेत. मला रागच आला. दिवाळी नुकतीच झाली होती आणि सगळं घर मी स्वतः झाडलं होतं. "सर, स्वच्छ आहे हो घर," मी म्हटलं. ते ओशाळले. "तसं न्हाई बाई. स्लॅब कोणी टाकला ते इचारणार होतो." मग दाराजवळची खुर्ची ओढून बसले. आमच्या घरी काय, शाळेत काय, लग्नकार्यात काय, त्यांची जागा दाराजवळ. कुणी आग्रहानं आत बसवलं तर पाच मिनिटांत काहीतरी निमित्त काढून उठायचे.

अहमदपूरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, ते विज्ञान आणि भूगोल. संस्थेनं त्यांना औसा-निलंग्याकडच्या शाळेतून इकडे बदलून आणलं होतं. तेरणेकाठचं त्यांचं गाव त्र्याण्णव सालच्या त्या पहाटेच्या भूकंपात गेलेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातलं कुणी उरलं नव्हतं, हेही ठाऊक होतं. त्यापुढं कुणी विचारलं नाही. आमच्या भागात 'भूकंपातले आहेत' एवढं सांगितलं की माणसं गप्प होतात आणि चहा मागवतात.

चहाचंही त्यांचं वेगळंच. कप समोर आला की लगेच उचलायचा नाही. बशीत तसाच ठेवून कपात बघत बसायचं. वरची साय हलायची थांबली, चहा अगदी स्थिर झाला, की मग एक घोट. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि कपातला चहा थरथरला की सर उभेच राहायचे. तरणे मास्तर मुद्दाम टेबलाला गुडघा लावायचे. मीही एकदा दोनदा हसले असेन, नाही म्हणत नाही, कारण उठून उभा राहिलेला तो उंच, हडकुळा माणूस, हातात कपबशी तशीच, चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं, हे सगळं त्याच्या दुःखाचाच भाग आहे, एवढं तेव्हा ध्यानात यायचं नाही.

राहायला होते आमच्याच गल्लीत, नांदेड रस्त्याच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत. पगार चांगला, मागंपुढं कुणी नाही, तरी पत्र्यात. उन्हाळ्यात त्या खोलीत दुपारी भांडं धरवत नसे. आमचे हे त्यांना म्हणायचे, "सर, शिजून जाल एखाद्या दिवशी." सर म्हणायचे, "शिजलेला माणूस ओळखू तरी येतो." 

वर्गात मात्र राजा माणूस होता. आवाज भरदार, फळ्यावरची आकृती अशी की छापल्यासारखी. पण एक खोड होती आणि त्या खोडीनं मुख्याध्यापकांना जेरीस आणलं. चाचणी परीक्षेत पोरानं उत्तराच्या जागी 'माहीत नाही' असं लिहिलं, तर सर त्याला अर्धे गुण द्यायचे. चुकीचं उत्तर ठोकून दिलं तर शून्य. पोरं काय, वस्ताद. एका सहामाहीला आठवीतल्या एका महाभागानं अख्खा पेपर 'माहीत नाही' असा सोडवला आणि चक्क पास झाला. त्याचा बाप पेढे घेऊन शाळेत आला. मुख्याध्यापकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "बिराजदार सर, ही शाळा आहे. इथं माहीत नसलेल्याला माहीत करून देतात, बक्षीस देत नाहीत."

सर म्हणाले, "माहीत न्हाई म्हणायला हिंमत लागते साहेब. ती येळेवर शिकवायला पायजे."

"आणि बोर्डाच्या परीक्षेत काय करायचं? तिथं कोण देणार आहे अर्धे गुण?"

"तिथं न्हाई देत कोणी. कुठंच न्हाई देत."  त्यांना मेमो मिळाला. पुढच्या चाचणीला त्यांनी अर्ध्याचा पाव गुण केला. मला वाटायचं, शिक्षकांमध्ये असतात असे एकेक हट्टी, त्यातलाच हा एक.

दुसरी गोष्ट मला नववीच्या पोरींकडून कळली. भूगोलाच्या पुस्तकात भारताच्या भूरचनेचा धडा आहे. त्यात दख्खनचं पठार कसं प्राचीन, कठीण आणि स्थिर आहे, असं आम्ही सगळेच शिकलो. सर तो धडा शिकवायचे, पण त्या ओळीशी आले की पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि एखाद्या पोरीला म्हणायचे, "तू वाच. मोठ्यानं वाच." ती वाचायची. सर म्हणायचे, "पुन्हा." ती पुन्हा वाचायची. मग म्हणायचे, "हे मी बी शिकलो, आन् शिकवलं," आणि तास संपायच्या आत वर्गाबाहेर. पोरींना त्याची भीती वाटायची. त्या मला विचारायला आल्या, मॅडम, सरांना बरं नाही का. मी म्हटलं, तुम्ही अभ्यास करा. दुसरं काय सांगणार?

मग माझ्या थोरलीचं लग्न झालं, लातूरला, मंगल कार्यालयात. सर आले, नवं पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, हातात पातेल्यांचा संच. आले आणि कार्यालयाच्या दारात थांबले ते थांबलेच. वर दोन मजले, त्यावर पाण्याची टाकी. अक्षता पडल्या तरी हा माणूस रस्त्यावर उन्हात उभा. जेवायला बोलावणं पाठवलं, तरी आत येईना. मुलीच्या आईचं त्या दिवशी डोकं कसं असतं ते सांगायला नको. मी तरातरा बाहेर गेले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "लेकीसारखी म्हणता तिला, आणि एक तास छपराखाली बसवत नाही तुम्हाला? एवढी माणसं बसलीत, ती काय वेडी आहेत? किती दिवस हे करणार सर? गेलं ते गेलं. एवढा भूकंप झाला त्यात तुमचा काय दोष?"

"दोष," ते म्हणाले. मग समोरच्या रसवंतीच्या कापडी मांडवाखाली गेले, म्हणून मीही गेले. शालू सावरत मी लाकडी बाकड्यावर बसले आणि त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाच, आणि तेही उभ्या उभ्या.

मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षीच त्यांच्या गावाला बारके धक्के बसत होते. रात्री जमिनीतून गडगड आवाज यायचा, उतरंडीतली भांडी वाजायची. गाव घाबरलं. माणसं बायकापोरांसह शेतात, खळ्यावर, शाळेच्या मैदानात झोपायला लागली. आठवडेच्या आठवडे असं चाललं. थंडी आली, लेकरं खोकायला लागली, घरात चोऱ्या व्हायला लागल्या. मग गाव मिळून सरांकडे आलं. गावात विज्ञान शिकलेला माणूस हा एकच. मारुतीच्या पारावर सगळे बसले आणि म्हातारे म्हणाले, "मास्तर, तू सांग. आत झोपावं का भाईर?"

"मी सांगितलं," सर म्हणाले. "पुस्तकात होतं तसं सांगितलं. आपला दगूड लई जुना हाय, इथं मोठा भूकंप येत न्हाई. आन् बारके धक्के बसतेत ते चांगलंच हाय, जमिनीतला ताण थोडा थोडा निघून जातो. जा, आपापल्या घरात झोपा. बाई, आकृती काढून दाखवली मी. पारावर, कोळशानं. लोकं खूश झाले. माझ्या आईनं तर सगळ्यात आदी अंथरूण आत नेलं, मास्तरची आईच भाईर झोपली तर लोकं काय म्हणतील म्हणून."

पुढं वर्षभर काही झालं नाही. गाव सरांचे गुण गात होतं. मग गणपती बुडवून आलेल्या रात्री सर शाळेत लेझीम-ताशे ठेवायला गेले आणि दमून तिथंच व्हरांड्यात झोपले. पहाटे माळवदं बसली. त्यांच्याकडची माळवदं म्हणजे दगडी भिंतींवर हातभर मातीचं छत. आई, बायको, दोन मुली. "आमच्यात जाळत न्हाईत, माणसाला बसवून पुरतेत. माझी माणसं सगळ्या गावासंगं लाकडावर गेली. कोण कुठलं, ओळखू येईना. आन् एक म्हातारा वाचला होता, तो मला बघून शिव्या देईल म्हणलं, तर तो माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणला, मास्तर, तुझंबी गेलं रे. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

आतून माझ्या नावानं हाका चालल्या होत्या. मला उठवेना. मी म्हटलं, "सर, तुम्हाला कसं माहीत असणार? मोठमोठ्या लोकांना माहीत नव्हतं."

"तेच की," सर म्हणाले. "मला माहीत नव्हतं. मग मी ते का म्हणलो न्हाई?"

त्यांचं ताट मी बाहेर पाठवलं. मांडवाखाली बसून ते नीट जेवले, दोन वेळा मठ्ठा मागितला. मला तेवढंच बरं वाटलं.

त्यानंतर किती वर्षं हा माणूस एकच गोष्ट शोधत होता: त्या पारावर बसून काय म्हणायला पाहिजे होतं. नांदेडला एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्राचं व्याख्यान होतं, तेव्हा मला बरोबर घेऊन गेले. व्याख्याता पोरसवदाच, पण अभ्यासू. पडद्यावर जमिनीचे थर दाखवत होता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाला. मागून दाराजवळून सर उभे राहिले. "फुडचा कधी येणार?" सभागृहात हसू फुटलं. तो मुलगा हसला नाही. म्हणाला, "काका, आम्हाला सांगता येत नाही. जगात कुणालाच येत नाही. येईल किंवा येणारही नाही."

परतीच्या एसटीत सर एवढे खुशीत होते की त्यांनी कंडक्टरला शेंगदाणे दिले. "लई मोठा माणूस हाय तो. समद्यांसमोर म्हणला, येत न्हाई." लोहा मागं पडलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. म्हणाले, "पण बाई, त्याला बी कोणी पारावर बसवून इचारलं, आत का भाईर, तर त्यानं काय सांगावं? माहीत न्हाई म्हणलं तरी लोकं कुठंतरी झोपणारच की. रात तर व्हणारच."  खिडकीबाहेर हळदीची रानं चालली होती, हिरवीगार, नीट निगा राखलेली. मला त्या जमिनीचा एकदम संताप आला. वर एवढं पिकवते, माणसांनी एवढं राबावं, पूजावं तिला, आणि तिला आपलं काही म्हणजे काही माहीत नाही. खाली काय चाललंय त्याचा आपल्याला पत्ता नाही आणि वर कोण झोपलंय त्याचा तिला नाही. मी मराठीची बाई, आयुष्यभर पोरांना 'धरणीमाता' वर निबंध लिहायला लावले. त्या दिवसानंतर तो विषय मी दिला नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झालो. आमचे हे गेले. सर त्याच पत्र्यात राहिले. आणि अलीकडे आमच्या भागात पुन्हा जमिनीतून आवाज यायला लागले. वर्तमानपत्रात 'गूढ आवाज' म्हणून बातम्या आल्या. कधी ताटं वाजायची, कधी कुत्री एकदम ओरडायची. अधिकारी येऊन गेले, घाबरू नका आणि सतर्क राहा असं दोन्ही एका दमात सांगून गेले.

सरांच्या खोलीला लागून सुनीताचं घर. नवरा पुण्याला गाडी चालवतो. ही दोन लेकरं घेऊन इथं: सहा वर्षांची ईश्वरी आणि एक अंगावर पिणारा मुलगा. विटांच्या बिनगिलाव्याच्या भिंती, वर पत्रे, आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले मोठमोठे दगड. ईश्वरी सरांच्या फार मागं मागं असायची. त्यांच्या मांडीवर बसून चहा थांबायची वाट बघायची. "थांबला, आजोबा, थांबला. प्या आता." मांडीवर लेकरू बसल्याचं सुख सरांना किती वर्षांनी मिळालं असेल, याचा हिशोब मी करत नाही.

एका दिवेलागणीला जरा मोठा हिसका बसला. सगळी गल्ली रस्त्यावर आली. सुनीता बाळाला काखेत मारून थेट सरांच्या ओट्याशी आली. मी तिथंच होते.

"सर, वर दगडं हायेत. मी काय करू? आत झोपू का भाईर?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, मला माहीत न्हाई," ते म्हणाले.

"तुमाला माहीत न्हाई तर कोणाला इचारू? तुमी शिकलेले, तुमी बगितलेलं हाय. ह्यांचा फोन लागना. सांगा की सर."

"खरंच माहीत न्हाई गं."

ती रडायला लागली. ईश्वरीनं सरांचं धोतर धरलं होतं आणि आईकडे बघून तीही रडायला लागली. सरांचे ओठ हलत होते. तीस वर्षांहून जास्त जो माणूस असं एक उत्तर द्यायला घाबरला, तो त्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "भाईर झोपा. अंगणात झोपा, उघड्यावर. मी जागा हाय."

बाज एकच होती. तिच्यावर सुनीता बाळाला घेऊन झोपली. ईश्वरी खाली चटईवर, आईच्या हाताशी. सर ओट्यावर बसून राहिले, जमिनीवर हात टेकून. जमीन हलली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तसा हिसका पुन्हा बसलेला नाही.

पहाटे पोरगी पोट दुखतं म्हणून उठली. पापण्या जड झाल्या होत्या, शब्द लोंबकळत होते. आधी कुणाला कळलंच नाही. मग कानामागं दोन बारीक ठिपके दिसले आणि चटई झटकली तर खालून मण्यार निघाली. मण्यार चावली तर झोपेतल्या माणसाला कळतही नाही म्हणतात. दवाखान्यात नेलं, तिथून लातूरला पाठवलं, वाटेतच गेली. सर गाडीत तिच्या पायाशी बसून होते. डोळे कोरडे. मला एवढंच म्हणाले, "मी जमिनीतलं ऐकत होतो बाई. जमिनीवरचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

सुनीतानं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. तिच्या नवऱ्यानं तर त्यांचे पाय धरले, रात्रभर जागलात म्हणून. सर मागं मागं सरकत भिंतीला टेकले. त्या माणसाला कुणी शिवी देत नव्हतं, आताही. त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलं. मी डबा न्यायचे, संध्याकाळी तसाच परत आणायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "खा हो! तुमच्या उपाशी राहण्यानं काय होणार आहे?" "काहीच न्हाई," ते म्हणाले, आणि मला उगाच बोलल्यासारखं झालं.

महिनाभर गेला असेल. भर दुपारी पुन्हा जमिनीतून तो आवाज आला, लांबून दगडाची गाडी रिकामी करावी तसा. हिसका नाही, नुसता आवाज. मी सरांच्या ओट्यावर डबा घेऊन बसले होते. सुनीता दारातून आली. अंगावरची रया गेलेली, बाळ कडेवर. सरळ येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, एवढंच ऱ्हायलंय आता. ह्याला घेऊन आत झोपू का भाईर?"

मला वाटलं, ती टोमणा मारते आहे. पण नाही. तिला खरंच विचारायचं होतं. विचारायला तिच्याकडे दुसरं माणूस नव्हतं. सरांनी तोंड उघडलं.  ते बाळाकडे बघत होते आणि हात ओट्याच्या फरशीवर नुसता फिरत होता. ती वाट बघत उभी. ऊन तिच्या तोंडावर. मला ते बघवेना.

"आत झोप," मी म्हटलं. "बाजेवर, मच्छरदाणी लावून, आत झोप. काही होत नाही."

तिचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं मॅडम," म्हणाली आणि वळून गेली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यावरचं ओझं काढलं म्हणून बरं वाटेल, असं मला वाटलं होतं. त्यांच्या डोळ्यांत नुसती कणव होती, माझ्यासाठी. म्हणाले, "बाई, तुमी कशापाई सांगितलं?"

संध्याकाळी सुनीतानं अंगणातली बाज आत ओढून नेली आणि दार लावून घेतलं. सर त्यांच्या ओट्यावर बसले होते, मी समोर माझ्या. आम्ही दोघंही तिच्या पत्र्यावरच्या दगडांकडे बघत होतो. अंधार पडून दगड दिसेनासे झाले तरी ते उठले नाहीत. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हा. सकाळी मी उठायच्या आत, त्यांनी जेवण सोडल्याचं कळून, त्यांचा एक मावसभाऊ येऊन त्यांना कंधारला घेऊन गेला आणि तिथंच काही दिवसांत ते गेले.

सुनीता अजून आतच झोपते. मॅडमनी सांगितलंय, म्हणते सगळ्यांना. माझी खाट मी खिडकीशी ओढून घेतली आहे. तिथून तिचं दार दिसतं.